आईचा शेंगेन व्हिसा: ९० दिवसांनंतर मुदतवाढ मिळते का? मधे लंडनला जाऊन आलं तर?

मुलुंडकर_प
नमस्कार मंडळी. बहीण म्युनिकला असते, तिच्या बाळंतपणासाठी आईला पाठवायचं आहे. डॉक्टरांनी २० मार्चच्या आसपासची तारीख दिली आहे, म्हणून आईने १ मार्चला पोहोचावं असं ठरतंय. आईने निदान चार महिने राहावं अशी बहिणीची इच्छा. दीड महिना झाला की मधे तीन आठवडे आईला लंडनला मामाकडे जाऊन यायचं आहे, तिथून पुन्हा म्युनिक.

आईचं वय ६३, पेन्शन चालू आहे. गेल्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा) झाले, एक टूर कंपनीबरोबर आणि एक बहिणीकडे जाण्यासाठी. दोन्ही वेळा मुदतीत परत आली आहे. पासपोर्टची मुदत पुढच्या सप्टेंबरच्या शेवटी संपते. ब्रिटनचा व्हिसा अजून काढलेला नाही.

इथल्या एजंटचं म्हणणं असं की तीन महिन्यांचा व्हिसा घ्या, लंडनला जाऊन आलं की दिवस नव्याने मोजतात, आणि कमी पडले तर जर्मनीतच वाढवून मिळतात. हे खरं आहे का? ब्रिटनचा व्हिसा आधी काढावा की नंतर? आत्ता ऑक्टोबर चालू आहे, म्हणजे हातात साडेचार महिने आहेत.

गोरेगाव_पूर्व
एजंटने सांगितलेल्या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. त्यावर तिकीट काढू नका.

व्हिसाच्या स्टिकरवर तीन वेगवेगळ्या गोष्टी छापलेल्या असतात. पहिली म्हणजे ‘पासून–पर्यंत’, ज्या काळात व्हिसा वापरायचा तो काळ. दुसरी, राहण्याचे दिवस. तिसरी, किती वेळा आत शिरता येईल: १, २ किंवा ‘मल्ट’, म्हणजे अनेक वेळा. या तिन्हींपैकी जी आधी संपेल तिथे तुमची परवानगी संपते.

उदाहरण घ्या. १ मार्चपासून ९० दिवसांचा, एका प्रवेशाचा व्हिसा मिळाला तर स्टिकरवर साधारण ‘०१-०३ ते १३-०६’ असं दिसेल. पुढचे १५ दिवस तारखा थोड्या पुढेमागे झाल्या तर असावेत म्हणून दिलेले असतात. ते राहण्यासाठी नसतात. आई १ मार्चला उतरली तर तिचा शेवटचा दिवस २९ मे. तेरा जून पाहून परतीचं तिकीट काढणारे बरेच इथेच अडकतात. आणि ‘तीन महिने’ म्हणजे ९० दिवस नव्हेत: १ मार्च ते ३१ मे हे ९२ दिवस होतात. उतरल्याचा दिवस आणि निघाल्याचा दिवस, दोन्ही पूर्ण धरतात. मुंबईहून विमान किती वाजता सुटलं त्याला महत्त्व नाही, शेंगेनमधल्या पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन झालं ती तारीख धरायची. पॅरिस किंवा ॲमस्टरडॅममार्गे गेलात तर नोंद तिथेच होते. दुबई किंवा दोहाला थांबलात तर ते मोजणीत येत नाही.

आता ‘नव्याने मोजतात’ याबद्दल. नियम असा: मुक्कामाचा कुठलाही दिवस घ्या, तो दिवस धरून मागचे १८० दिवस पाहा. त्यात शेंगेनमधले दिवस ९० पेक्षा जास्त असता कामा नयेत. ही १८० दिवसांची चौकट रोज एक दिवस पुढे सरकते. बाहेर जाऊन आल्याने मोजणी फक्त थांबते, पुसली जात नाही.

तुमच्याच तारखा लावून दाखवतो. १ मार्च ते १४ एप्रिल म्युनिक: ४५ दिवस. १४ एप्रिलला लंडन, ५ मेला परत. उरलेले ४५ दिवस ५ मेपासून मोजले तर शेवटचा दिवस १८ जून. म्हणजे लंडनचे तीन आठवडे धरून आई घराबाहेर साडेतीन महिने राहील, पण बहिणीकडे ९० दिवसच.

त्यानंतर पुन्हा कधी जाता येईल? १ मार्चचा दिवस चौकटीतून बाहेर पडतो २८ ऑगस्टला. त्या दिवसापासून रोज एक जुना दिवस गळतो आणि एक नवा मिळतो, म्हणून २८ ऑगस्ट ते ११ ऑक्टोबर असे सलग ४५ दिवस मिळतात. १२ ऑक्टोबरला थांबली तर ९१ वा दिवस, कारण मे-जूनचे दिवस १ नोव्हेंबरपासून गळायला लागतात. युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर याचं कॅल्क्युलेटर आहे. त्यात जुन्या प्रवासाच्या तारखाही भरा, आणि तिकीट काढण्याआधी भरा.

आणखी एक पेच. वरच्या उदाहरणातला ‘१३-०६ पर्यंत’वाला स्टिकर मिळाला, तर दोन प्रवेश असूनही आईला १३ जूनलाच निघावं लागेल. पाच दिवस शिल्लक असले तरी उपयोग नाही. म्हणून अर्जात जाण्यायेण्याच्या तारखा पूर्ण प्रवासाच्या लिहायच्या, पहिल्या टप्प्याच्या नाहीत.

विलेपार्ले_वाचक
मुदतवाढीबद्दल लिहितो, कारण याबाबतीत सर्वांत जास्त खोटी आशा दाखवली जाते.

शेंगेन व्हिसा वाढवण्याची तरतूद आहे, व्हिसा संहितेच्या कलम ३३ मध्ये. पण तिची कारणं ठरलेली आहेत. एक, आवाक्याबाहेरची परिस्थिती किंवा मानवी कारण: प्रवासी स्वतः इस्पितळात दाखल आहे, विमानसेवाच बंद पडली आहे. अशा वेळी मुदतवाढ द्यावी लागते आणि शुल्क नसतं. दोन, गंभीर वैयक्तिक कारण. इथे निर्णय अधिकाऱ्याच्या हातात असतो आणि शुल्क ३० यूरो. लेकीला मदत हवी आहे, नातू लहान आहे, जूनचं तिकीट महाग आहे, यातलं काहीही या दोन्हींत बसत नाही. बाळंतपणात गुंतागुंत झाली, बहीण किंवा बाळ दाखल आहे, तर दुसऱ्या कारणाखाली अर्ज करता येतो. पण मिळेलच असं धरून चालू नका.

९० दिवस पूर्ण भरल्यानंतरही राहायचं असेल तर जर्मन निवास कायद्याच्या कलम ६ प्रमाणे त्याच कारणांसाठी व्हिसा राष्ट्रीय व्हिसा म्हणून वाढवता येतो. तो मग जर्मनीपुरताच, ही अपवादात्मक गोष्ट आहे.

अर्ज करायचा तो परदेशी नागरिकांच्या स्थानिक कार्यालयात. म्युनिकमध्ये हे काम केव्हीआर हे शहर प्रशासनाचं खातं पाहतं. तिथे वेळ मिळायलाच दिवस जातात, म्हणून कारण उद्भवलं की त्याच दिवशी लेखी कळवायचं. सोबत डॉक्टरांचं जर्मन भाषेतलं पत्र, त्यात ‘अमुक तारखेपर्यंत प्रवास करू नये’ असं स्पष्ट वाक्य, वाढीव काळाचा विमा आणि बदललेलं परतीचं तिकीट. नुसत्या डिस्चार्ज कार्डाने काम होत नाही, कारण त्यात प्रवासाबद्दल काही लिहिलेलं नसतं.

एक बाब नीट लक्षात घ्या: भारतातून घेतलेल्या या अल्पमुदतीच्या व्हिसावर ‘अर्ज केला आहे, निकाल येईपर्यंत राहतो’ हा बचाव जर्मनीत चालत नाही. निवास परवाना असलेल्यांना अर्ज प्रलंबित असताना जे संरक्षण मिळतं ते शेंगेन व्हिसाला लागू नाही. निर्णय व्हिसा संपण्याआधी हातात हवा.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर शिक्क्यांऐवजी संगणकीय नोंदीची पद्धत सुरू झाली आहे. पूर्वी अस्पष्ट शिक्क्यामुळे एखादा दिवस नजरेतून सुटायचा, आता यंत्रच दिवस मोजतं. जास्त राहिल्याची नोंद झाली तर दंड, प्रवेशबंदी आणि पुढच्या प्रत्येक अर्जात त्याचं उत्तर द्यावं लागणं. आईचे दोन व्हिसा निष्कलंक आहेत, ती खूप मोलाची गोष्ट आहे. चार दिवसांसाठी ती घालवू नका.

बहिणीला निवास परवाना कुशल कर्मचारी म्हणून १ मार्च २०२४ किंवा त्यानंतर प्रथमच मिळाला असेल तर आईवडिलांना कायमचं बोलावण्याची वेगळी तरतूद आहे. पण त्यात खर्चाची पूर्ण हमी आणि जर्मनीत चालणारा आरोग्य विमा लागतो. साठीनंतर असा विमा मिळणं फार कठीण जातं. बाळंतपणापुरता हा रस्ता नाही.

मुलुंडकर_प
दोघांचेही मनापासून आभार. बहिणीचं ब्लू कार्ड (कुशल कर्मचाऱ्यांचा निवास परवाना) २०२२ चं आहे, म्हणजे तो मार्ग बंदच. मग आता कोणता क्रम लावावा? एकाच प्रवेशाचा व्हिसा मिळाला तर लंडन रद्द करावं लागेल का?

माहीम_कॉजवे
लंडन रद्द करू नका, शेवटी ठेवा. मुंबई–म्युनिक आणि लंडन–मुंबई असं तिकीट काढा. आई १ मार्च ते २८ मे म्युनिकला सलग राहील, मग लंडनला मामाकडे आणि तिथून थेट घरी. एका प्रवेशाच्या व्हिसावरही हे जमतं. एक दिवस हातचा राखून २८ मे धरा. २९ तारखेचं रात्रीचं विमान रद्द झालं तर मध्यरात्रीनंतर ९१ वा दिवस लागतो. ब्रिटनमध्ये पर्यटक म्हणून एका भेटीत सहा महिन्यांपर्यंत राहता येतं, आणि तिथल्या दिवसांचा शेंगेनच्या मोजणीशी संबंध नाही.

बहिणीला चार महिन्यांची सोबत हवी असेल तर तिच्या सासूबाईंशी बोला. ९० दिवस प्रत्येक व्यक्तीचे वेगळे मोजतात. आई मेअखेर निघाली आणि विहीणबाई त्याच आठवड्यात पोहोचल्या, की बाळ पाच-सहा महिन्यांचं होईपर्यंत घरात मोठं माणूस राहतं. त्यांचा अर्ज, विमा आणि हमीपत्र मात्र स्वतंत्र.

लालबाग_६२
कागदपत्रांचं मी सांगते.

सर्वांत आधी पासपोर्ट. नियमाप्रमाणे शेंगेनमधून निघाल्यानंतर तीन महिने तो चालू लागतो आणि दोन पानं कोरी लागतात. १८ जूनला निघाल्यास १८ सप्टेंबर, तुमचा सप्टेंबरअखेर संपतो. म्हणजे कागदावर बसतं. तरीही आत्ताच नवा काढा, आणि त्याचं कारण दुसरंच आहे. १८ एप्रिल २०२४ ला युरोपीय आयोगाने भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी वेगळे नियम केले: मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन ते नियमाप्रमाणे वापरले असतील तर पुढचा व्हिसा साधारणपणे दोन वर्षांचा, अनेक प्रवेशांचा मिळतो. त्यानंतर पाच वर्षांचा. तुमची आई या दोन वर्षांच्या व्हिसात बसते. पण पासपोर्टलाच अकरा महिने उरले असतील तर दोन वर्षांचा व्हिसा देणार कशावर? मग छोटा व्हिसा मिळतो आणि संधी वाया जाते.

नव्या पासपोर्टसाठी ३६ पानांना १,५०० रुपये, ६० पानांना २,०००. तत्काळ हवा असेल तर वर २,०००. मालाड, अंधेरी, लोअर परळ, ठाणे, जिथे आधीची तारीख मिळेल तिथे घ्या. पत्ता बदलला असेल तर पोलीस पडताळणीत वेळ जातो, तो धरून चला. जुना पासपोर्ट कोपरा कापून परत देतात. तो जपा आणि अर्जासोबत जोडा, कारण दोन व्हिसा आणि त्यांचे शिक्के त्यातच आहेत. त्या पानांच्या प्रती वेगळ्या काढून अर्जात वर ठेवा.

‘तीन वर्षं’ अर्जाच्या तारखेपासून मागे मोजतात. पहिला व्हिसा तीन वर्षांच्या काठावर असेल तर अर्ज लांबवू नका.

दोन वर्षांचा व्हिसा मिळाला म्हणजे दोन वर्षं राहता येतं असं नाही. १८० त ९० चा नियम तसाच. फायदा हा की लंडन मधे घेता येतं आणि २८ ऑगस्टनंतरची फेरी नव्या अर्जाशिवाय होते.

अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. निकालाला साधारण १५ दिवस, पण ४५ पर्यंत लागू शकतात. शुल्क ९० यूरो, वर व्हीएफएसचा (अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीचा) आकार. ब्रिटनसाठी अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीच करता येतो, म्हणजे १४ एप्रिलला जायचं असेल तर १४ जानेवारीच्या आधी नाही. यावरून क्रम आपोआप ठरतो: ऑक्टोबर-नोव्हेंबर पासपोर्ट, डिसेंबरच्या सुट्ट्यांची गर्दी सुरू व्हायच्या आत शेंगेनचा अर्ज, शेंगेनचा पासपोर्ट हातात आल्यावर जानेवारीच्या मध्यात ब्रिटन. तिथे सहसा तीन आठवडे धरतात, तेव्हा १ मार्चच्या आत बसतं. लंडन शेवटी ठेवलंत तर मात्र ब्रिटनचा अर्ज २८ फेब्रुवारीच्या आधी करता येणार नाही, तेव्हा तिथे एकच अडचण येते. आई निघून गेल्यावर अर्ज कुठून करायचा, हे आधी ठरवा, नाहीतर लंडन एप्रिलमध्येच ठेवा. दोन्ही अर्ज एकाच वेळी टाकू नका, पासपोर्ट एका ठिकाणी अडकतो.

शेंगेनच्या अर्जात प्रवेशसंख्येच्या रकान्यात ‘अनेक’ निवडा आणि सोबतच्या पत्रात कारण दोन ओळींत लिहा: मधे ब्रिटनला भावाकडे तीन आठवडे, अमुक तारखा, मामाचं पत्र आणि विमानाचं आरक्षण सोबत. ‘मुलीच्या बाळंतपणाला जायचं आहे’ हे लपवू नका. पर्यटन लिहून हॉटेलची बुकिंग जोडणारे एजंट आहेत, आणि अर्ज नेमका त्याच विसंगतीवर नाकारला जातो. हेतू ‘कुटुंबाची भेट’ असाच लिहायचा.

बहिणीने तिथल्या कार्यालयातून औपचारिक हमीपत्र काढावं. जर्मनीत त्याला फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग म्हणतात, शुल्क २९ यूरो, आणि ते सहा महिन्यांच्या आत वापरावं लागतं. मूळ प्रत कुरिअरने मागवा. त्यासोबत तिच्या निवास परवान्याची आणि पत्त्याच्या नोंदणीची प्रत. इकडून आईची पेन्शनची कागदपत्रं, बँकेचं सही-शिक्क्यासह स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र. नातं दाखवायला बहिणीचा जन्मदाखला. जुन्या दाखल्यांवर अनेकदा आईचं नुसतं पहिलं नाव असतं किंवा माहेरचं आडनाव, आणि पासपोर्टवर सासरचं. तिथे लग्नाचा दाखला जोडा. दाखला फक्त मराठीत असेल तर भाषांतर करून घ्या.

डॉक्टरांची तारीख पुढेमागे होते. अर्जात पोहोचण्याची तारीख जी लिहाल, साधारण तिथूनच व्हिसा चालू होतो. १ मार्च लिहिलंत आणि बाळ २५ फेब्रुवारीला आलं तर आईला त्याआधी विमानात बसता येणार नाही. म्हणून तारीख १५ फेब्रुवारीच्या आसपासची मागा. राहण्याचे दिवस ती प्रत्यक्ष उतरेल तेव्हापासूनच मोजतात.

दादर_टीटी
मधेच एक विचारते. माझी वहिनी अशीच म्युनिकजवळ आहे, तिथून सासूबाईंना साल्झबर्ग दाखवायचं आहे. त्यात प्रवेश खर्च होतो का? आणि क्रोएशियाला आठवडाभर गेलं तर दिवस थांबतात का?

गोरेगाव_पूर्व
दोन्हीला नाही. ऑस्ट्रिया शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे साल्झबर्गला जाऊन येणं म्हणजे प्रवेश नव्हे. पासपोर्ट मात्र जवळ ठेवा, त्या सीमेवर जर्मन पोलीस गाडीत तपासणी करतात. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, बल्गेरिया आणि रोमानिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे. जुन्या लेखांत हे तिन्ही ‘दिवस थांबवायची ठिकाणं’ म्हणून सापडतात, तो सल्ला आता बाद आहे. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही पण शेंगेनमध्ये आहे, तिथलेही दिवस धरतात. ब्रिटन आणि आयर्लंड बाहेर.

विलेपार्ले_वाचक
विम्याचं राहिलं. शेंगेनसाठी किमान ३०,००० यूरोचं संरक्षण लागतं, तातडीचे उपचार आणि मायदेशी परत आणणं धरून. अनेक प्रवेशांच्या व्हिसासाठी अर्जाच्या वेळी पहिल्या मुक्कामाचा विमा दाखवला तरी चालतो, पण नंतरच्या प्रत्येक फेरीचा तुम्हीच काढायचा असतो. फक्त शेंगेनपुरती पॉलिसी घेऊ नका, लंडनचे तीन आठवडे उघडे पडतात. ‘अमेरिका-कॅनडा वगळून सर्व जग’ असा प्रकार मिळतो, तो घ्या. पॉलिसी पूर्ण मुक्कामाची आणि वर काही दिवस जास्तीची. आईला रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर ‘आधीपासूनचे आजार’ या कलमाखाली काय मिळतं ते लेखी विचारा. बहुतेक स्वस्त पॉलिसींत त्याचा खर्च धरलेला नसतो, किंवा जिवावर बेतलं तरच देतात.

लंडनहून म्युनिकला परतताना चेक-इनलाच व्हिसा पाहतात. म्हणून स्टिकर हातात आल्या दिवशीच तपासा: नाव, पासपोर्ट क्रमांक, ‘पर्यंत’ची तारीख, दिवस आणि ‘मल्ट’. चूक असेल तर मुंबईत असतानाच दुरुस्त करून घ्यायची.

लालबाग_६२
आणि आईच्या बॅगेत घरचं साजूक तूप देऊ नका. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशांनी दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. अळीव, डिंक, सुंठ, बाळंतशोपा कोरडे आणि पॅकबंद द्या, लोणी तिथे मिळतं, तूप तिथेच कढवता येईल. औषधं मूळ वेष्टनात, सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी, औषधाचं मूळ नाव लिहिलेली.